पोपटचे राजे

महिपतीनं पैशांऐवजी वाटून घेतलेल्या वालाच्या दाण्यांतले दहा वाल पुढे सरकवले, तसे पोपटनं मुकाट्यानं तीस सरकवले. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पत्ते. सगळ्यांचे सामाईक, मधले पाच पत्ते अजून उघडायचेच होते. पण पोपटनं असं वाढवलं की त्याच्याकडे एक्क्यांची नाहीतर राजांची जोडी असणार, हे धाटावच्या कंपनीतली अख्खी शिफ्ट जाणून होती. वर्षभरात त्यानं एकदाही थाप मारली नव्हती. आदर्शनं लगेच पत्ते टाकले. साहिलनं बरीच चुळबुळ केली, पण शेवटी त्यानंही टाकले.

रविवारी चौघांपैकी एकालाच सुट्टी मिळेल, कोणाला ते तुम्हीच ठरवा, असं सांगून साहेब मोकळा झाला होता. सुट्टी चौघांनाही हवी होती. म्हणून पहिली पाळी सुटल्यावर अष्टमी गावात आदर्शच्या ओट्यावर हा एकच डाव; जिंकेल त्याची सुट्टी.

महिपतीच्या हातात नव्व्यांची जोडी होती. एरवी पोपटनं वाढवलं की तो सगळ्यांच्या आधी पळ काढायचा आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचा. पण रविवारी पेणला, रामवाडीच्या मैदानावर, त्याच्या किमयाची कबड्डीची जिल्हा निवड होती. मागच्या तिन्ही सामन्यांना बाप पाळीवर होता, हे सोबत पाळी करणाऱ्या पोपटनंही पाहिलं होतं. या वेळी तर पोरीनं ‘येणार का’ म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं.

त्यानं होते नव्हते ते सगळे वाल मध्ये लोटले. 

पोपटनं आपले पत्ते पुन्हा एकदा निरखले. "तू सगळे लावलेस म्हंजे तुझ्याकडं एक्केच असणार. जा बाबा, आपलं काय चालत नाय," म्हणत त्यानं ते पालथे टाकले.

साहिल हळहळला. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती. पोपटदादानं वाढवलं नसतं तर आपण जागचे हललो नसतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.  राण्यांपुढे महिपतीच्या नव्व्यांचं काय चालणार होतं?

पत्ते गोळा करायला महिपतीच वाकला. पोपटचे दोन्ही पत्ते त्याच्या तळहातात उताणे आले. चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री. असल्या पत्त्यांवर पोपट एक वालसुद्धा लावत नसे. आदर्श-साहिलला डावातून उठवायलाच ह्या गड्यानं वाढवलं होतं, वर्षभर जपलेली पत पणाला लावून. आणि आपण ह्याला शिव्या घालत आलो. महिपतीनं वर पाहिलं. पोपट मात्र खाली मान घालून चपला शोधत होता.

"दादा, राजे होते ना तुझ्याकडं?" साहिलनं विचारलं. "व्हय म्हण, म्हंजे माझा जीव तरी थंड होईल."

पोपटनं ओट्याखाली वाकून दुसरी चप्पल ओढली.

महिपतीनं ते दोन पत्ते गड्डीत खोल खुपसले आणि गड्डी पिसायला घेतली.

"राजेच होते," तो म्हणाला. "मी बघितले ना."