लिसांद्रोचा वाटा

येर्बाच्या कडू चहाचा तुंबा एकच, नळीही एकच. ब्युनोस आयर्सच्या त्या स्वयंपाकघरात तो आळीपाळीने फिरे. लष्करशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या लिसांद्रोला सैनिकांनी उचलून नेलं, तरी त्याची आई एर्मिनिया त्याचा वाटा विसरत नसे. भरलेला तुंबा ती त्याच्या खुर्चीपुढे ठेवी.

"सारखी चौकशी कशाला, बाई? पोरगं स्पेनला गेलं. मीच विमानात बसवलं," आज घरी आलेला कॅप्टन हसला. "आणा, त्याचा वाटा मीच संपवतो."

एका घोटातच त्याचं तोंड वाकडं झालं. "मीठ घातलंत?"

एर्मिनियाने चाखून पाहिला. नेहमीसारखा कडूच होता.

कॅप्टन थुंकला. टेबलावर ओली वाळू पडली.

"विमान उतरायच्या आधीच त्याला कुठं उतरवलंत, साहेब?" तिने विचारलं.

तो बोलायला गेला, पण तोंडातून समुद्राचं खारं पाणी येतच राहिलं.