उलटी शीर

नव्याने आलेल्या निषादच्या फाइलमधली चूक दिसली आणि शुभदाला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बायपाससाठी पायातून काढलेली शीर नेहमी उलटी करून जोडतात, नाहीतर आतल्या झडपा रक्त अडवतात. या शहाण्याने कॉम्प्युटरवर शिरेची मापं सुलटीच भरली होती! त्यामुळे जोडाचा कोन पार चुकला होता.

बारा वर्षं ऑपरेशनआधीची रक्तप्रवाहाची गणितं केली शुभदाने, आणि हल्ली सर्जन विचारायचे, "निषाद काय म्हणतोय?" तिच्या पोटात दुखायचं.

तिने त्या पानाची प्रिंट काढली, चुकीभोवती लाल गोल केला आणि तीन दिवस गप्प राहिली. बुधवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर दाखवू. ऑपरेशन गुरुवारी होतं.

बुधवारी निषादच उठून उभा राहिला. "सर, माझ्या गणितात शीर सुलटीच राहिली होती. काल शुभदा मॅडमच्या जुन्या वहीत समासात लिहिलेलं दिसलं, 'शीर उलटी केलीस ना?' म्हणून परत गणित केलं. त्यांच्यामुळे वाचलो."

सर्जन पहिल्यांदाच तिच्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. टेबलाखाली तो कागद चुरगळणाऱ्या शुभदाला मान वर करवेना.