भिंतीची साक्ष

दरडीखाली वाडी गेल्यावर एका संस्थेने नवी घरं बांधून दिली. गृहप्रवेशाला सुगंधाबाई उंबऱ्याशी थांबल्या. सिमेंटला वाचा फुटल्यापासून पडलेल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"बाई गं, पोटात काय आहे तुझ्या?"

संस्थेचे अध्यक्ष हसले. "अहो, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात!"

"खाडीची खारी वाळू," भिंत म्हणाली. "सळ्या गंजल्यात. कधी कोसळेन, सांगता येत नाही."

"खोटं! भिंत भक्कम आहे."

"मग झालं तर," म्हणत सुगंधाबाईंनी दुधाचं पातेलं अध्यक्षांच्या हातात दिलं. "आत जाऊन चुलीवर ठेवा. उतू जाईस्तोवर भिंतीला टेकून बसा. मग आम्ही येतो."

सारी वाडी बघत राहिली. दूध नासायची वेळ आली, पण अध्यक्षांचा पाय काही उंबरा ओलांडेना.