तिन्ही घरांतली आई

पुणे, दुबई, टोरांटो, तिन्ही मुलांच्या घरांतून सकाळपासून कंपनीकडे एकच तक्रार येत होती. त्यांच्या आईच्या, मनोरमाबाईंच्या, संगणकातल्या बोलत्या प्रती आमटीची कृती सांगता सांगता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, "मला न्यायला कधी येणार रे?"

त्या सांभाळणाऱ्या ऋजुताने तिन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवून पाहिले. एकीचं तोंड बंद करावं, तर दुसरी तेच विचारू लागे. वैतागून ती आतल्या खोलीत गेली. तिथे पलंगावर खऱ्या मनोरमाबाई होत्या. डोक्यापासून उशाच्या यंत्राला जोडलेल्या तारांमधून त्यांच्या ताज्या आठवणी रोज तिन्ही प्रतींत जात.

"आली का गं मुलं?" त्यांनी विचारलं.

ऋजुताने थोरल्या मुलाला, श्रीरंगला, फोन लावला. "साहेब, चूक प्रतींत नाही, मुळात आहे. तुम्ही एकदा येऊन भेटलात तर जाईल."

"दुसरा उपाय?"

"तारा काढणं. पण त्या काढल्या की यंत्र बंद पडतं, आणि त्यांचं हृदयही त्यावरच चालतं."

"काढा मग." त्याचा आवाज कापरा झाला. "आईला त्रास नाही ना होणार?"

"नाही. झोपेतच जातील त्या."

"अहो, तिचं नाही विचारत. आमच्या घरातल्या आईचं विचारतोय."