रिकामी खोली

"इथे सामान ठेवतात, संसार थाटत नाहीत," असं सुनावून व्यवस्थापकाने काल गोदामातल्या भाड्याच्या खोलीत लपून राहणाऱ्या मायलेकींना बाहेर काढलं होतं. पोर तापाने फणफणली होती, तेवढं त्याने न पाहिल्यासारखं केलं.

आज एक आजोबा तीच खोली भाड्याने बघायला आले. शटर वर जाताच ते कुजबुजले, "हळू हो! पोरगी आत्ता कुठे झोपलीय."

"आजोबा, खोली रिकामी आहे," व्यवस्थापक ओशाळून म्हणाला.

"रिकामी?" आजोबांनी वाकून हवेतच मायेने हात फिरवला. "अंग अजून भाजतंय. जरा बघा तरी."

त्याला मान वर करवेना. खाली बघतच त्याने हात पुढे केला, आणि एका चिमुकल्या मुठीने त्याचं बोट घट्ट धरलं.