खांद्याचं माप

मशीनवरची बॉबिन निसटली आणि टणटण करत फरशीवर घरंगळत गेली. दुपारच्या गप्प घरात तेवढाच आवाज. ती खुर्चीत बसून नुसती बघत राहिली. पूर्वी पडायच्या आत झेलायची. आता वाकायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई टोचलेली रक्त दिसल्यावर कळायची.

"बस तू, उठू नकोस." धाकटी बहीण हात पुसत आली आणि पलंगाखाली शिरली. "बाई गं, बटणं, दोरे, पेन्सिली... इथे खाली अख्खं दुकान आहे."

"मग झाडून काढ. फुकट जेवतेस का?"

बहीण पलंगाखालीच हसली. हल्ली दोघींना हसायला एवढंसं निमित्तही पुरायचं.

मशीनवर काळा गाऊन होता. शाळेच्या निरोपाच्या दिवशी शेवटच्या वर्गातली मुलं घालतात, तसला. गणवेशांच्या कारखान्यात तिने असे ढीगभर शिवले होते, दुसऱ्यांच्या मुलांचे. त्यांना अस्तर नसायचं. फोटोत कुठे दिसतंय, म्हणायचे. तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपल्या लेकीचा गाऊन आपण घरी शिवायचा, आणि आतून मऊ अस्तर लावायचं.

"जे करायचं राहिलंय ते आता करून घ्या," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नवऱ्याला वाटलं, ती कुठेतरी फिरायला जाऊ म्हणेल. ती म्हणाली, "मशीनला जरा तेल घालून दे."

कापड तिच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी स्वतः आणून दिलं. "कुणी विचारलं तर उंदरांनी खाल्लं म्हणून सांगेन," दारातूनच बोलले, आणि तिच्याकडे न बघता पाण्यालाही न थांबता गेले.

राहता राहिलं माप. ते कुठून आणणार? लेक पहिलीत होती. समोरचे दोन दात पडलेले. निरोपाच्या दिवसाला अजून अख्खी शाळा बाकी होती. मग तिने स्वतःलाच टेप लावला. पोर आपल्याच अंगाची आहे, आपल्याएवढी होईल. एवढा विचार केला आणि कात्री चालवली.

"घाल बघू," आता ती बहिणीला म्हणाली. लहानपणापासून दोघींचे कपडे एकमेकींना बसायचे. त्यावरून भांडणंही व्हायची.

बहिणीने एक हात घातला. दुसरा घालायला गेली आणि तशीच आडवी-तिडवी अडकली. "ताई, खांद्यात जाईना गं."

"खा अजून."

"मी खातेय होय? जिना चढून उतरून माझी काडी झालीय." बहीण वळली. "माप कुणाचं घेतलंस?"

"माझं."

"कधी?"

तिचा हात आपसूक स्वतःच्या खांद्यावर गेला. तिथे हाडच लागलं. दारातून आत येणारं पोर नुसतं बघून माप सांगणारी ती. तिला एवढंही सुचलं नव्हतं. टेप तिच्या खांद्याला लागलाच नव्हता. दुखण्याने जेवढं मागे ठेवलं होतं, त्याला लागला होता. लेकीच्या अंगाला तिने आपलं आजारपण बेतलं होतं.

"काढ, आणि उसव," ती म्हणाली.

"राहू दे ना ताई. तेव्हाचं तेव्हा बघू की आम्ही..."

बहीण थांबली. जीभ चावली. पण तो 'आम्ही' सुटला तो सुटलाच. दोघींच्या मध्ये तिसरं कुणी येऊन बसल्यासारखं झालं.

"उसव म्हणते ना. शिवणीत भरपूर माया सोडलीय. खांद्यापुरतं कापड निघेल त्यातून."

बहिणीने मान खाली घालून टाके उसवले. सुईत दोराही तिनेच ओवून दिला. मशीन पुन्हा चालू झालं. डावा खांदा सरळ गेला. उजव्याला बधिर बोटांतून कापड निसटलं आणि शिवण नागमोडी झाली. मास्तरांनी बघितली असती तर गाऊन तोंडावर फेकला असता.

"उसवू?" बहिणीने हळूच विचारलं.

तिने आपल्या बोटांकडे बघितलं. "नको. आता परत जमायचं नाही."

तेवढ्यात लेक शाळेतून आली. एक बूट दारात, दुसरा मोरीपाशी. दप्तर कुठे पडलं ते देवाला माहीत.

"हे कुणाचं?"

"तुझं."

"माझं?" पोर डोक्यावरून गाऊनमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली. काळ्या ढिगातून आवाज आला, "मावशी, मी कुठेय?"

"अगंबाई, पोरगी कुठे गेली? ताई, तुला दिसतेय का?"

गळ्यातून डोकं वर आलं. केस विस्कटलेले, गाल लाल. बाह्या फरशीवर लोळत होत्या.

"तुझी शाळा संपेल ना, त्या दिवशी घालायचा," ती म्हणाली.

"उद्या?"

"उद्या कशी संपेल, येडे? खूप मोठी झाल्यावर. मावशीएवढी."

लेकीने मावशीला खालून वर न्याहाळलं. एवढं उंच होणं तिला पटलेलं दिसलं. बाह्या फडफडवत तिने दोन गिरक्या घेतल्या, अडखळली, आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"बाबा पण येणार बघायला?"

"येणार तर!" मावशी घाईघाईने म्हणाली. "नवा शर्ट घालून. पोट आत घ्यायला लावू त्यांना."

लेक खुदखुदून हसली. मग आईच्या मांडीवर हनुवटी टेकवून तिच्या तोंडाकडे बघू लागली.

"आणि आई, तू काय घालणार?"