वाताचं चूर्ण

“कोणी दिलं तुला ते चूर्ण? नाव सांग. तोंड फोडतो त्याचं.”

कुंदनचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. घरून फोन आला तसा तो इच्छापोरच्या कारखान्यातून, कामाच्या कपड्यांतच धावत आला होता.

त्याची आई, धुरपदाबाई, खाटेवर पडून होत्या. चेहरा सुजून गोल झालेला, हातांवर काळेनिळे डाग. सहा महिन्यांपूर्वी संधिवातामुळे त्यांना डिंडोलीच्या घराचा जिना उतरता येत नव्हता. मग शेजारणीने वाताचं चूर्ण सांगितलं. पंधरा दिवसांत त्या खाली बाजारात जाऊ लागल्या. असली चूर्णं घरात आणायची नाहीत, अशी कुंदनची सक्त ताकीद होती. का, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. म्हणून त्या चोरून घ्यायच्या. चार दिवसांपूर्वी डबी संपली आणि आज सकाळी त्या मोरीत कोसळल्या.

“तू रागे भरशी म्हनीसन सांगं नही, भाऊ,” त्या पुटपुटल्या.

“मरायचंच होतं तर मला तरी विचारायचं,” तो ओरडला.

डॉक्टर रश्मींनी त्याला बाजूला घेतलं. “ओरडून काय होणार? त्या चूर्णात स्टेरॉइड असणार. ते एकदम बंद झालं म्हणून त्या कोसळल्या. उपचार सुरू केलेत, पण पुढचा डोस ठरवायला कोणतं आणि किती पोटात गेलं ते कळायला हवं. तपासणीला आठवडा लागेल.”

तेवढ्यात कुंदनची बायको हर्षदा घरून रिकामी डबी घेऊन आली. हिरवं झाकण, निर्गुडीच्या पानांचं चित्र, खाली ‘शंभर टक्के वनस्पती’.

कुंदनने डबी हातात घेतली. उलटी करून पाहिली. मग तो खाटेच्या कडेवर बसला.

“विकणारा तर विकतो,” हर्षदा संतापाने म्हणाली. “पण ज्यानं हे कालवलं, त्याच्या घरात आई नसेल का हो? हात झडतील मेल्याचे.”

कुंदन तिच्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, “लिहून घ्या. डेक्सामेथासोन. दहा किलोला हजार गोळ्या.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “नक्की? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पाहिजे? तीन वर्षं झाली, मीच दळतो.”